तिबल ग्रॅज्युएट

आमच्या गावात एम.ए. झालेल्या माणसाला अजूनही ‘डबल ग्रॅज्युएट’ म्हणतात. २०११ साली मी भूगोलात एम.ए. झाले तेव्हा बाबांनी धानाच्या बांधीवर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगितलं. पुढं २०१७ मध्ये पीएच.डी.ला नाव नोंदवलं, तेव्हा ते जरा विचार करून म्हणाले, “मंग हे तिबल होते का?”

मी हसले, पण माझंही गणित तेच होतं. बी.ए.ला शिकलो त्याहून थोडं जास्त शिकलं की एम.ए., आणखी जास्त शिकलं की पीएच.डी. एकाच जिन्याच्या पायऱ्या, फक्त दम टिकायला हवा. हे गणित चुकलेलं आहे हे उमगायला मला फार वेळ लागला आणि त्या वेळाची किंमतही मोजावी लागली. दर जूनमध्ये कुणी ना कुणी मुलगी घरी येते आणि दारातच विचारते, “ताई, बी.ए. झालं, आता पुढं काय करू?” उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही. म्हणून हे बसून लिहिते आहे.

गाव भंडारा जिल्ह्यातलं, साकोली आणि लाखांदूरच्या मधल्या पट्ट्यातलं. २००९ साली बी.ए. झाले तेव्हा आम्हाला पुढचे रस्ते तीनच ठाऊक होते: डी.एड., बी.एड. नाहीतर एमपीएससीचा क्लास. एम.ए. हा रस्ता नव्हताच. रस्ता सापडेपर्यंत सावलीत उभं राहायची ती जागा होती. मैत्रिणीनं भूगोलाचा फॉर्म भरला म्हणून मी भरला. दोघींचा एसटीचा पास एकाच मार्गाचा निघत होता, बाकी काही विचार नव्हता.

ती दोन वर्षं नोट्सवर निघाली. डेव्हिसचं क्षरणचक्र, फॉन थ्यूनेनची शेतीची वर्तुळं, मान्सूनच्या उत्पत्तीचे सिद्धांत. प्रश्न ठरलेले, उत्तरं ठरलेली, पाच वर्षांचे जुने पेपर चाळले की यंदाचा पेपर निम्मा ओळखीचा. मला ५८ टक्के मिळाले. एम.ए.ला मी नावं ठेवत नाही. विषयातली माणसं काय बोलतात ते कळण्यापुरते कान तिथंच तयार झाले. पण थ्यूनेनची वर्तुळं मी झोपेतही काढून दाखवली असती आणि आमच्या तालुक्यात गावागणिक तलाव का, हे मात्र दोन वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.

खरं तर एकदा आलं होतं. प्रात्यक्षिकाच्या तासाला सर्व्हे ऑफ इंडियाचा ५५ पी या क्रमांकाच्या गटातला नकाशा टेबलावर पसरला होता, एकास ५०,००० प्रमाणातला. सगळे आपापलं गाव शोधत होते. मला गावाच्या नावाआधी दिसले ते निळे ठिपके. मोठे, छोटे, एकाखाली एक, जणू कुणी निळ्या शाईचा ब्रश झटकला असावा. मी विचारलं, “सर, इतके तलाव कसे?” सर म्हणाले, “मालगुजारी तलाव. गोंड राजांच्या काळापासूनचे, कोहळी लोकांनी बांधलेले.” आणि ते समोच्च रेषांकडं वळले, कारण परीक्षेला समोच्च रेषा होत्या, तलाव नव्हते. तो निळा नकाशा पुढं सहा वर्षं डोक्यात तसाच घडी घालून पडला.

मग बी.एड. केलं आणि मग सेटच्या मागं लागले. वरिष्ठ महाविद्यालयात शिकवायचं तर नुसती एम.ए. पुरत नाही, नेट किंवा सेट लागते, हे मला एम.ए. होऊन वर्ष उलटल्यावर कळलं. दोन्हीतला फरक थोडक्यात सांगते, कारण तो मला कुणी सांगितला नव्हता. नेट देशभर चालते. आपली सेट महाराष्ट्र आणि गोव्यापुरती. ती पुणे विद्यापीठ घेतं आणि मराठीतूनही देता येते. आणि संशोधनासाठी दरमहा पैसे देणारी जेआरएफ फक्त नेटमधून मिळते. मी सेट दिली तेव्हा एकाच दिवशी तीन पेपर असत; आता दोन आहेत. दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा २०१६च्या परीक्षेत निघाले.

जेआरएफची गोष्ट मात्र अजून जिव्हारी लागते. तेव्हा जेआरएफची वयोमर्यादा २८ वर्षांची होती. मी १९८८ची. २०१६ उजाडलं तशी मी नेटच्या जाहिरातीकडं पाहणंच सोडलं. गाडी गेली असं धरून चालले. बाईला या मर्यादेत पाच वर्षांची सूट आहे, हे त्याच जाहिरातीत, त्याच पानावर, दोन ओळी खाली छापलेलं होतं. मी ‘२८’ वाचलं आणि कागद मिटला. पुढं २०१८ मध्ये मर्यादा ३० झाली, त्याच्या गप्पा स्टाफरूममध्ये चालल्या असताना एका ज्युनिअर मुलीनं सहज सांगितलं, “ताई, तुम्हाला तर पस्तीसपर्यंत चालते ना.” तोवर माझे चार-पाच प्रयत्न वाया गेले होते. त्या वर्षाच्या डिसेंबरात धावतपळत दिली. पहिल्यांदाच संगणकावर होती. थोडक्यात हुकली. त्या वेळचे महिन्याचे २५,००० रुपये हातात असते तर पुढची बरीच फरफट वाचली असती. म्हणून घरी येणाऱ्या मुलींना मी आधी हेच सांगते: जाहिरात तळापर्यंत वाच, बाई. पुढचं बोलणं नंतर.

सेट झाल्यावर एका कॉलेजात तासिका तत्त्वावर लागले. जितके तास, तितके पैसे. दिवाळीची सुटी बिनपगारी, उन्हाळा बिनपगारी आणि बिलं मंजूर होतील तेव्हा. कायम व्हायचं असेल तर पीएच.डी. करा, असं सगळे म्हणत होते. म्हणजे खरं कारण पोटाचं होतं. ज्ञानाची तहान वगैरे मी पुढं मुलाखतीत सांगितलं.

सेट असल्यामुळं पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा, म्हणजे पेट, मला द्यावी लागली नाही. वाटलं, अर्धा गड सर झाला. गड तर पुढंच होता: गाइड. एका गाइडकडं किती विद्यार्थी असावेत याला नियमानं मर्यादा आहे. प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चार. त्यामुळं परीक्षा पास होऊन जागेसाठी दारोदार फिरणारी माणसं मी ढिगानं पाहिली. मीही चार गावं एसटीनं फिरले. एका सरांकडं जागा नव्हती. दुसरे निवृत्तीला आले होते. तिसरे म्हणाले, “विषय मीच देतो, तुम्ही टाईप करून आणा,” आणि मी तिथून चहा न घेता उठले.

चौथ्या ठिकाणी मॅडम भेटल्या. त्यांच्या सहाही जागा भरलेल्या, पण एकाचा प्रबंध मार्चमध्ये जमा होणार होता. मी पिशवीतून टाईप केलेला कागद काढला: ‘विदर्भातील जलसंधारणाचा भौगोलिक अभ्यास’. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

“विदर्भात जिल्हे किती?”

“अकरा.”

“तुमच्याकडं जन्म किती?”

पुढच्या आठवड्यात एकच वाक्य लिहून आणायला सांगितलं. त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह हवं. मी अकरा वाक्यं नेली. अकराही ‘अभ्यास’ या शब्दावर संपत होती. त्यांनी प्रत्येकाखाली पेन्सिलनं रेघ मारली आणि म्हणाल्या, “हे सगळे धडे आहेत. यात तुम्हाला माहीत नसलेलं काय आहे?”

मला राग आला होता. सतरा वर्षं मला प्रश्न दुसऱ्यांनी दिले, मी उत्तरं दिली, त्याचे गुण घेतले. प्रश्न काढायला कुणी शिकवलं होतं? परतीच्या बसमध्ये खिडकीतून एक तलाव दिसला, पाळीवर बेशरमाचं रान माजलेलं, खाली धानाच्या बांध्या कोरड्या. त्याला लागूनच पुढच्या गावचा तलाव तुडुंब, पाट वाहता. पाऊस दोन्ही गावांवर सारखाच पडला होता. मी पास काढून त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं: शेजारच्या दोन गावांपैकी एकाचा तलाव जगतो आणि एकाचा मरतो, ते कशामुळं?

मॅडमनी तो पास ठेवून घेतला. मला महिनाअखेर नवा काढावा लागला.

आता मालगुजारी तलावांबद्दल थोडं सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पूर्व विदर्भाच्या पट्ट्यात असे हजारो तलाव आहेत. उतार पाहून मातीची पाळ घालायची, पाणी सोडायला तुडूम ठेवायचं, जादा पाणी निघून जायला एका कडेला सलंग. वरच्या तलावाचं पाणी खालच्या तलावात उतरतं. नवेगाव बांध हा यातला थोरला. इंग्रजांच्या काळात तलाव मालगुजारांकडं, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या मालकांकडं, होते, पण पाणी कुणाला आधी मिळेल, पाळ फुटली तर कुणी किती माती टाकायची, मासे कुणाचे, हे गावाच्या वाजिब-उल-अर्जमध्ये, म्हणजे रिवाजांच्या नोंदीत, लिहिलेलं असे. १९५०च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले. पुढं शंभर हेक्टरच्या आत सिंचनक्षमता असलेले जिल्हा परिषदेकडं आले. मासेमारी ढिवरांच्या सोसायट्यांकडं लिलावानं. म्हणजे पाणी एकाचं, मासे दुसऱ्याचे, पाळ तिसऱ्याची. माझा प्रश्न या तिघांच्या मधल्या फटीत होता.

नाव नोंदलं, मग कोर्सवर्क. त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. संशोधन पद्धती, संगणक, एक परीक्षा. तिथं शिकवलेल्या ‘गृहीतकाच्या सात प्रकारां’पैकी एकही प्रकार मला पुढं रानात भेटला नाही.

रेकॉर्ड रूम मात्र भेटली. वाजिब-उल-अर्ज आणि निस्तारपत्रक (गावाच्या सामायिक हक्कांची नोंद) पाहायचे तर महसूल खात्याचे जुने दप्तर हवे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ला भंडाऱ्यातून वेगळा झाला, त्यामुळं माझ्या काही गावांचे कागद इकडचे म्हणत तिकडं असतील आणि तिकडचे म्हणत इकडं. तीन महिने गेले. शेवटी एका कार्यालयातल्या निवृत्तीला टेकलेल्या कारकूनकाकांनी माझी कीव केली. लाल कापडात बांधलेले गठ्ठे, गाठ इतकी जुनी की सोडताना सूत हातात पावडर होऊन यायचं. काका म्हणाले, “बाई, नाक बांधा आधी.” ओढणी नाकाला गुंडाळून मी पहिला गठ्ठा उघडला. मौजा, वल्द, साकिन, दस्तूर, आबपाशी. अरबी-फारसी शब्दांनी गच्च मराठी. एका पानावर बारीक गिरवलेल्या अक्षरात लिहिलेलं होतं की अमुक तलावाचं पाणी आधी पाळीलगतच्या बांध्यांना आणि मग पाटाच्या शेवटाला, आणि पाळ दुरुस्तीला घरटी एक माणूस. खाली अंगठे. मी ते पान चार वेळा वाचलं. हे कुठल्याही नोट्समध्ये नव्हतं. याचं उत्तर तपासून देणारंही कुणी नव्हतं. एम.ए. आणि पीएच.डी.त काय फरक असतो ते मला त्या धुळीत, शिंका देता देता कळलं.

दुसरी शिकवण संगणकानं दिली. क्यूजीआयएस हे फुकटचं सॉफ्टवेअर आहे; त्यावर लँडसॅटच्या उपग्रह प्रतिमा टाकून पाणी कुठं आहे ते काढता येतं. मी ऑगस्टमधली त्यातल्या त्यात कमी ढगांची प्रतिमा घेतली, आकडेमोड केली आणि दोन तालुक्यांत इतके तलाव निघाले की मी उडालेच. सहामाही प्रगती सादरीकरणात मोठ्या टेचात नकाशा दाखवला. समितीतल्या एका सरांनी शांतपणे विचारलं, “ऑगस्टमध्ये धानाच्या बांधीत काय असतं?”

पाणी असतं. मी शेतकऱ्याची पोर, रोवणीला गुडघाभर चिखलात उभी राहिलेली, आणि मी अख्ख्या तालुक्याचं धान तलाव म्हणून मोजलं होतं. बाबांना सांगितलं तर ते दोन दिवस हसत होते. मग धान कापून झाल्यावरची, डिसेंबरची प्रतिमा घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून. तरी बेशरमानं आणि शेवाळानं झाकलेलं पाणी उपग्रहाला दिसत नाहीच. ते पाहायला चालतच जावं लागतं. चौतीस तलाव मी पायी फिरले.

त्या फिरण्यात एका गावी जुन्या पानकराचा मुलगा भेटला. पानकर म्हणजे तलावाचं पाणी पाळीपाळीनं सोडणारा गावाचा माणूस. स्वतः म्हातारबुवाच, ऐंशीच्या पुढचे. तुडूम कसं उघडायचे, कुणाच्या बांधीला किती घटका पाणी, हे ते बोटांवर मोजून सांगत. त्यांच्या गावचं वाजिब-उल-अर्ज मला मिळालं होतं, त्याची झेरॉक्स मी त्यांना वाचून दाखवली. एका अंगठ्याच्या पुढं त्यांच्या आज्याचं नाव होतं. ते बराच वेळ त्या कागदावर हात ठेवून बसले. मग म्हणाले, “हे मले देऊन जाजो.” दिली.

२०१९ च्या सुरुवातीला मुलगी झाली. पीएच.डी. करणाऱ्या बाईला बाळंतपणासाठी २४० दिवसांची रजा मिळते आणि एकूण मुदतीतही दोन वर्षं जास्त मिळतात. हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, तेव्हाच्या २०१६च्या नियमावलीत होतं. एका टेबलावर मला सांगण्यात आलं की अशी काही रजा नसते, नोंदणी रद्द करून नव्यानं करा. जाहिरात तळापर्यंत न वाचल्याची शिक्षा भोगलेली असल्यानं या वेळी मी नियमावलीची छापील प्रत, कलमाखाली रेघ मारून, पिशवीतच ठेवली होती. ती समोर ठेवली. साहेबांनी वाचली, परत वाचली, आणि म्हणाले, “अर्ज दोन प्रतीत द्या.” सासूबाई सोबत होत्या, कडेवर पोर घेऊन. बाहेर आल्यावर म्हणाल्या, “कागद असला का माणूस गोड बोलते.”

शोधनिबंधाचा प्रकार मात्र अंगाशी आला. आमच्या नियमाप्रमाणं प्रबंध देण्याआधी एक शोधनिबंध छापून यायला हवा होता. यूजीसीच्या यादीतलं एक नियतकालिक पाहून मी लेख पाठवला. चार दिवसांत ‘स्वीकारला’ असा निरोप आणि पैसे भरण्यासाठी खाते क्रमांक. चार दिवसांत कुणी वाचलं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. २०१८च्या मे महिन्यात यूजीसीनं त्या यादीतून ४,०००हून अधिक नियतकालिकं काढून टाकली, त्यात माझंही गेलं. पैसे गेले, लेख गेला, आणि मॅडमनी जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. दुसरा लेख एका खऱ्या नियतकालिकानं दोनदा दुरुस्तीला परत पाठवला, नऊ महिने घेतले, आणि त्या दुरुस्त्यांतून माझं तिसरं प्रकरण सुधारलं. २०२२च्या नव्या नियमांत ही सक्ती काढून टाकली आहे. एम.फिल.ही त्यातच बंद झाली. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी केलेल्या मुलांना तर आता एम.ए. न करता थेट पीएच.डी.ला जाता येतं. माझ्याकडं येणाऱ्या मुलींना हे सांगते तेव्हा त्यांचे डोळे चमकतात. चमकू देते. पण ५५ पीच्या नकाशावर दोन वर्षं डोळे फिरवल्याशिवाय तो प्रश्न मला बसच्या खिडकीत दिसला असता का, याची मला शंका आहे, आणि ती मी त्यांच्यापाशी बोलूनही दाखवते.

प्रबंध मराठीत लिहिला. टायपिंगवाल्या दादानं तो जुन्या फॉण्टमध्ये केला होता, युनिकोडमध्ये नव्हे. वाङ्मयचौर्य तपासणीला टाकला तर साम्य शून्य टक्के! माझ्या आनंदाला पारावार नाही. ग्रंथालयातल्या मॅडमनी स्क्रीन माझ्याकडं फिरवली: सॉफ्टवेअरला माझी अक्षरं म्हणजे इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसत होती, ते कशाशी जुळणार? युनिकोडमध्ये बदलून आणा म्हणाल्या. बदलताना प्रत्येक रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसला आणि ‘ऱ्या’ तर कुठंच राहिला नाही. ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द माझ्या प्रबंधात शेकड्यांनी आहे. मी आणि नवरा रात्री पोर झोपल्यावर दुरुस्त करत बसायचो. तो मोठ्यानं वाचायचा, मी खोडायची. या धंद्यात वीस रात्री गेल्या. अखेर साम्य दहा टक्क्यांच्या आत आलं, आणि या वेळी ते खरं होतं.

मौखिकी २०२३च्या पावसाळ्यात झाली. खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. बाबा धोतर-टोपीत पहिल्या रांगेत. बाहेरचे परीक्षक पश्चिम महाराष्ट्रातले. त्यांनी ‘सलंग’ हा शब्द प्रबंधातच पहिल्यांदा वाचला होता. “आमच्याकडं सांडवा म्हणतात,” म्हणाले, आणि मग मला तब्बल पाऊण तास फिरवलं. शेवटी विचारलं, “एका वाक्यात सांगा, काय सापडलं?” मी म्हणाले, “माझ्या चौतीस गावांत पाळीची माती कुणी टाकायची हे जिथं ठरलेलं राहिलं, तिथं तलाव टिकला. पावसानं फारसा फरक पडला नाही.” ते म्हणाले, “हे पहिल्या पानावर का नाही?” खरंच, का नाही? मी ते १९१व्या पानावर पुरून ठेवलं होतं. मागं चहा आणि सामोसे तयार होते. बाबांनी दोन खाल्ले आणि बाहेर येऊन नव्यानं ‘तिबल’ झाल्याचं फोनवर तीन जणांना कळवलं.

पीएच.डी. मिळाल्याचं नोटिफिकेशन आलं, प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर चढला. मी अजून तासिका तत्त्वावरच आहे. जागा निघाल्या तर अर्ज करीन.

गेल्या हिवाळ्यात बाबांना मागं बसवून गाडीवर त्या म्हातारबुवांच्या गावी गेले. त्यांच्या गावाचं प्रकरण वेगळं बांधून नेलं होतं. नातवानं वाचून दाखवलं, ते डोळे मिटून ऐकत होते. नकाशाच्या पानाशी आल्यावर नातू म्हणाला, “आजा, यात लिवलं हाये का सलंग पैलेपासून उगवतीलेच होता.” म्हातारबुवांनी डोळे उघडले.

“कोन म्हनते?”

“बाईनं लिवलं.”

“बाईले का मालूम.” मग माझ्याकडं वळून, अगदी मायेनं, “सलंग उत्तरेले होता बाई. मोहाच्या झाडापाशी. मी लहान होतो, तवा पाळ फुटली, मंग उगवतीले केला.”

मी काही बोलले नाही. सलंगाची जागा कधी बदललेली नाही, हे मी त्या गावाच्या संदर्भात पुरावा म्हणून वापरलं होतं. दोन परीक्षकांनी वाचलं, समितीनं वाचलं, मॅडमनी तीनदा वाचलं. मी स्वतः याच माणसासमोर तासन्तास बसले होते आणि हे एवढं विचारायचं राहून गेलं होतं.

“दाखवता का?” मी म्हटलं.

काठी घेऊन ते पुढं निघाले, मागून मी, माझ्या मागं बाबा. पाळीवरचं बेशरम बाजूला सारत उत्तरेच्या टोकाला गेलो. मोहाचं झाड नव्हतं, खोड होतं, वाळवीनं पोखरलेलं, आणि त्याच्या बाजूला जमीन जराशी दबलेली, पाणी कधीतरी वाहिल्यासारखी. म्हातारबुवांनी काठी तिथं टेकवली. मी फोन काढला आणि त्या काठीच्या टोकाचे अक्षांश-रेखांश टिपून घेतले.